जेलीफिनच्या भरवशावर घरचा चित्रपटसंग्रह

जेलीफिन या, घरच्या संगणकावरील चित्रपटांची सूची करून ते इतर यंत्रांवर दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरविषयी जे लिहिले जाते त्यातील बहुतेक भाग चित्रपट पाहण्यासंबंधी असतो: टीव्हीवर चित्र अडखळते का, मोबाइलवर उपशीर्षके नीट दिसतात का, परगावी असताना घरचा सर्व्हर गाठता येतो का. प्रस्तुत परीक्षणात हे प्रश्न जवळजवळ बाजूला ठेवले आहेत. वर्षानुवर्षे जमवलेल्या व्हीसीडी आणि डीव्हीडी हार्ड डिस्कवर उतरवून झाल्या, की ‘आपल्याकडे नेमके काय काय आहे’ या प्रश्नाच्या उत्तरासाठी या सॉफ्टवेअरवर कितपत विसंबावे, एवढाच येथे विषय आहे. संग्रह मुख्यतः मराठी आहे असेही गृहीत धरले आहे, कारण हॉलिवूडचे चित्रपट ओळखताना बिनचूक वाटणाऱ्या सॉफ्टवेअरची खरी परीक्षा प्रभातचे चित्रपट आणि ध्वनिचित्रमुद्रित नाटके समोर आली म्हणजे होते. मत आधीच नोंदवून ठेवणे बरे: सूची करण्यासाठी जेलीफिन घ्यावे, मात्र त्याच्याकडे ओळखण्याचे काम द्यावे, ठरवण्याचे नाही.

एम्बी या त्याच धर्तीच्या सॉफ्टवेअरचा स्रोत, म्हणजे मूळ कोड, लोकांसाठी बंद करण्यात आला, तेव्हा डिसेंबर २०१८ मध्ये त्याच्या खुल्या आवृत्तीवरून जेलीफिन ही स्वतंत्र शाखा निघाली. ते पूर्णपणे मोफत आहे, त्याची सशुल्क आवृत्तीच नाही आणि वापरण्यासाठी कोणत्याही कंपनीकडे खाते उघडावे लागत नाही. विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींवर ते चालते. ज्या संगणकावर ते बसवले त्याचा पत्ता घरातील कोणत्याही यंत्राच्या ब्राउझरमध्ये टाकला, की पोस्टरांची भिंत समोर उभी राहते. केवळ सूचीसाठी आणि घरातल्या घरात पाहण्यासाठी पडून असलेला जुना लॅपटॉप पुरतो.

चित्रपट ओळखण्याची त्याची पद्धत समजून घेतली, तर पुढचा बराच मनस्ताप टळतो. सॉफ्टवेअर चित्रपट ‘पाहत’ नाही. ते फोल्डरचे नाव वाचते, त्यातून शीर्षक आणि कंसातील वर्ष वेगळे काढते आणि ही जोडी टीएमडीबी या लोकांनीच भरलेल्या माहितीसाठ्याला विचारते. तेथून आलेले पोस्टर, सारांश, दिग्दर्शक आणि नटसंच आपल्या नोंदीत उतरतो. साहजिकच सारा भार फोल्डरच्या नावावर येतो. ‘श्यामची आई’ एवढेच नाव दिले, तर आचार्य अत्रे यांचा १९५३ चा सुवर्णपदकविजेता चित्रपट आणि २०२३ मध्ये त्याच नावाने आलेला चित्रपट यांतून कोणता निवडायचा हे यंत्राला कळण्याचा मार्गच नसतो. कंसात वर्ष घातले की प्रश्न मिटतो. मराठी माणसाने एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी: फोल्डरचे शीर्षक देवनागरीत चालते, पण वर्षाचे आकडे इंग्रजी अंकांतच लिहावे लागतात, कारण देवनागरी अंकांतील वर्ष हे वर्ष म्हणून ओळखलेच जात नाही.

वर्ष तरी कोणते लिहायचे, हा पुढचा प्रश्न. ‘कोर्ट’ आपल्याकडे चित्रपटगृहांत आला तो एप्रिल २०१५ मध्ये. परंतु व्हेनिसच्या महोत्सवात तो २०१४ मध्येच दाखवला गेला होता आणि आंतरराष्ट्रीय माहितीसाठे पहिल्या जाहीर प्रदर्शनाचे वर्ष धरतात. ‘फँड्री’चेही तसेच, महोत्सवातील वर्ष २०१३ आणि चित्रपटगृहातील २०१४. डबीवर छापलेल्या वर्षावर विसंबून नाव दिले, तर एका वर्षाचा फरक पडतो आणि जुन्या चित्रपटांच्या बाबतीत सेन्सॉर प्रमाणपत्राचे वर्ष, प्रदर्शनाचे वर्ष आणि डिस्क बाजारात आल्याचे वर्ष अशी तीन वर्षे हाती लागतात. याला खात्रीचा उपाय एकच आहे: टीएमडीबीवर चित्रपट स्वतः शोधावा, त्याच्या पानाच्या पत्त्यात असलेला क्रमांक घ्यावा आणि तो ठरावीक नमुन्याप्रमाणे चौकटी कंसात फोल्डरच्या नावाला जोडावा. मग यंत्र अंदाज बांधत बसत नाही. थेट त्या नोंदीवर जाते. रोमन लिपीतील नावांचा घोळही यामुळे संपतो. ‘माणूस’ हे नाव कोणी दोन ओ घालून लिहितो, कोणी नुसता यू घालून, आणि डबीवर तिसरेच काही छापलेले असते. क्रमांकाला असे रुसवेफुगवे नसतात.

‘माणूस’चा उल्लेख आलाच आहे, तर मराठी संग्रहातील सर्वांत अवघड आणि मला सर्वांत रंजक वाटणाऱ्या प्रश्नाकडे वळणे योग्य होईल. प्रभात फिल्म कंपनीने १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’पासून अनेक चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत काढले. ‘कुंकू’ आणि ‘दुनिया ना माने’ ही १९३७ मधील जोडी, ‘माणूस’ आणि ‘आदमी’ ही १९३९ मधील, ‘शेजारी’ आणि ‘पडोसी’ ही १९४१ मधील. आजच्यासारखे एका चित्रपटाचे हिंदी डबिंग असा हा प्रकार नव्हे. दोन्ही आवृत्त्या स्वतंत्रपणे चित्रित झालेल्या आहेत. ‘शेजारी’त गजानन जागीरदारांसमोर केशवराव दाते आहेत, तर ‘पडोसी’त जागीरदारांसमोर मझहर खान. म्हणजे दोन मुख्य भूमिकांपैकी एका भूमिकेतला नटच बदलतो. अशा वेळी सूचीत नोंदी दोन हव्यात, याविषयी दुमत होऊ नये.

जेलीफिनमध्ये येथे एक सोय आहे आणि तीच अडचणही ठरू शकते. एकाच चित्रपटाच्या दोन प्रती, उदाहरणार्थ व्हीसीडीवरून घेतलेली धूसर प्रत आणि पुढे हाती लागलेली स्वच्छ डीव्हीडी, एकाच फोल्डरमध्ये ठेवून फाइलींच्या नावांना आडव्या रेघेनंतर वेगवेगळे शेपूट जोडले, तर त्या एका नोंदीखाली ‘आवृत्त्या’ म्हणून दिसतात. हे उत्तमच आहे. पण ‘कुंकू’ आणि ‘दुनिया ना माने’ यांना याच पद्धतीने एकत्र बसवण्याचा मोह टाळावा, कारण मग दुसऱ्या चित्रपटाचे नाव, नटसंच आणि भाषा यांना नोंदीत जागाच राहत नाही आणि शोधताना तो सापडत नाही. दोन फोल्डर, दोन नोंदी आणि त्या दोहोंना एकत्र दाखवणारे ‘कलेक्शन’, अशी रचना मला सर्वांत नीट वाटली. माहितीसाठ्यात दोन्हींची एकच नोंद असेल, तर एका चित्रपटाची माहिती हाताने भरावी लागेल. ते काम अर्ध्या तासाचेही नाही. शिवाय टीएमडीबीवर कोणालाही नवी नोंद करता येते आणि मराठी शीर्षक वा सारांशही घालता येतो. तेथे एकाने केलेले काम पुढच्या माणसाच्या स्कॅनमध्ये, म्हणजे फोल्डर वाचून नोंदी करण्याच्या फेरीत, आपोआप उतरते. ज्यांच्याकडे श्रेयनामावली स्पष्ट वाचता येईल अशा जुन्या प्रती आहेत, त्यांनी हे अवश्य करावे.

नाटकांच्या बाबतीत मात्र यंत्राला आवरूनच धरावे लागते. मराठी घरातील डिस्कांच्या खोक्यात नाटके असायचीच, आणि चित्रपटांच्या माहितीसाठ्यांना त्यांचा पत्ता नसतो. पत्ता नसण्यापेक्षा चुकीचा पत्ता लागणे अधिक वाईट. ‘नटसम्राट’ हे शिरवाडकरांचे नाटक १९७० मध्ये रंगभूमीवर आले आणि त्यावरील चित्रपट २०१६ मध्ये. ‘कट्यार काळजात घुसली’ या संगीत नाटकाचा जन्म १९६७ चा आणि चित्रपट २०१५ चा. नाटकाच्या मुद्रणाचा फोल्डर केवळ नावानिशी चित्रपटांच्या लायब्ररीत, म्हणजे जेलीफिनमधील चित्रपटांच्या विभागात, टाकला, तर यंत्र तत्परतेने चित्रपटाचे पोस्टर आणि चित्रपटाचा नटसंच त्यावर चिकटवते, आणि ही चूक इतकी नीटनेटकी दिसते की पाहुण्याला ती कळतही नाही. यासाठी नाटकांची लायब्ररी वेगळी काढावी आणि तिच्या सेटिंगमध्ये इंटरनेटवरून माहिती आणणाऱ्या सर्व स्रोतांसमोरील खुणा काढून टाकाव्यात. मग यंत्र गप्प राहते आणि आपण लिहू तेवढेच दाखवते. डबीच्या मुखपृष्ठाचा मोबाइलवर काढलेला फोटो ‘पोस्टर’ असे इंग्रजीत नाव देऊन त्या फोल्डरमध्ये ठेवला, की भिंतीवर तोच दिसतो. नाटककार लेखकाच्या रकान्यात बसतो, संगीतकाराला त्याचा रकाना आहे. निर्मिती करणारी नाट्यसंस्था स्टुडिओच्या रकान्यात घालावी लागते, हे जरा विचित्र दिसते, पण चालून जाते. प्रयोग कोणत्या नाट्यगृहात मुद्रित झाला यासाठी जागा नाही. ती माहिती सारांशात लिहावी.

लिपीविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. लायब्ररीची पसंतीची भाषा मराठी ठेवता येते, आणि माहितीसाठ्यात देवनागरी शीर्षक असेल तर ते येतेही. सगळी शीर्षके देवनागरीत पाहणे सुखद असते, यात शंका नाही. पण भिंतीच्या कडेला असलेली अक्षरांची पट्टी फक्त ए ते झेडपर्यंतच आहे. ‘पिंजरा’ पाहिजे म्हणून पी दाबला, तर देवनागरीत नोंदलेला ‘पिंजरा’ तेथे नसतो. देवनागरी शीर्षके रोमन शीर्षकांच्या मागे, शेवटी जाऊन उभी राहतात. संग्रह लहान असेल तर काही बिघडत नाही, मोठा असेल तर रोज बोट दुखेपर्यंत खाली सरकावे लागते. उपाय सॉफ्टवेअरमध्येच आहे: प्रत्येक नोंदीत क्रमवारीसाठी स्वतंत्र शीर्षकाचा रकाना असतो, त्यात रोमन लिपीतील नाव लिहावे. दर्शनी नाव देवनागरी राहते आणि क्रम मात्र ए-बी-सीप्रमाणे लागतो. ज्यांना अ-आ-इ असाच क्रम हवा आहे आणि ज्यांच्या संग्रहात इंग्रजी चित्रपट नाहीत, त्यांनी पट्टीकडे दुर्लक्ष करावे. याखेरीज टीव्हीवरील कळफलकाचा प्रश्न उरतोच. रिमोटने एकेक अक्षर वेचून देवनागरीत टंकणे हे घरातील ज्येष्ठांना कोणी सांगू नये. ‘मूळ शीर्षक’ या रकान्यात रोमन नाव भरून ठेवल्यास त्या नावाने शोधता येते. तर्काच्या दृष्टीने हे उलटे आहे, कारण मूळ शीर्षक तर देवनागरीच असते. पण सूची वापरणाऱ्यासाठी असते, म्हणून हा उलटेपणा मी मान्य करतो.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. एवढे कष्ट घेऊन सुधारलेली माहिती राहते कोठे? जेलीफिन बसवल्यावर नेहमीच्या सेटिंगनुसार ती त्याच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये राहते, म्हणजे लॅपटॉपच्या पोटात. लॅपटॉप बंद पडला, की चित्रपट बाहेरच्या हार्ड डिस्कवर सुखरूप आणि सूची मात्र गेलेली. लायब्ररीच्या सेटिंगमध्ये दोन खुणा करायच्या असतात: माहिती एनएफओ फाइलमध्ये जतन करणे आणि चित्रे चित्रपटाच्याच फोल्डरमध्ये ठेवणे. एनएफओ फाइल म्हणजे साधा मजकूर असतो, नोटपॅडमध्ये उघडतो. ‘कुंकू’च्या फोल्डरमधील अशी फाइल उघडली, तर शीर्षक, क्रमवारीचे शीर्षक, वर्ष, दिग्दर्शक व्ही. शांताराम, पाठोपाठ शांता आपटे, केशवराव दाते अशी एकेका ओळीत लिहिलेली माहिती डोळ्यांना दिसते. डब्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीसारखी ती चित्रपटाबरोबरच फिरते. हार्ड डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून तेथे नव्याने जेलीफिन बसवले, तर ते आधी हीच फाइल वाचते. आणि हा नमुना मूळचा कोडी या चित्रपट दाखवणाऱ्या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या परंपरेतला असल्यामुळे उद्या जेलीफिन सोडून कोडीकडे जायचे ठरले, तरी सूची हातची जात नाही. या दोन खुणा पहिल्याच दिवशी, पहिल्या स्कॅनच्या आधी कराव्यात.

याचे महत्त्व कोणाला अतिरंजित वाटत असेल, तर त्याने मॅकवरील डिलिशस लायब्ररीचे काय झाले ते आठवावे. पुस्तके आणि चित्रपट यांची सूची करणारे, लाकडी फळ्यांच्या देखण्या रूपासाठी नावाजलेले ते सॉफ्टवेअर वस्तूंची माहिती अ‍ॅमेझॉनकडून घेत असे. २०२४ च्या अखेरीस तो पुरवठा बंद झाला आणि निर्मात्याने ते विक्रीतूनच काढून घेतले. आधीच्या नोंदी लोकांजवळ राहिल्या, पण नवीन वस्तू आपोआप ओळखण्याचे दार मिटले. माहितीचा पुरवठादार उद्या नसेल, हे गृहीत धरूनच सूची उभारायला हवी. टीएमडीबीच्या बाबतीतही हेच लागू होते. फरक एवढाच, की जेलीफिनमध्ये आलेली माहिती आपल्या फोल्डरमध्ये आपल्याला वाचता येईल अशा रूपात उतरून बसलेली असते, ती परत मागायला कोणाकडे जावे लागत नाही.

हाताने सुधारलेली नोंद टिकवण्यासाठी तिला कुलूप घालण्याची सोय संपादनाच्या पानावरच आहे. ‘पुढील बदल टाळण्यासाठी कुलूप लावा’ अशा अर्थाची ती खूण केली नाही आणि पुढे कधी ‘सर्व माहिती बदला’ हा पर्याय निवडून लायब्ररी ताजी केली, तर देवनागरीत लिहिलेले सारे परत पुसले जाऊ शकते. ताजेतवाने करायचेच असेल, तर ‘फक्त नसलेली माहिती शोधा’ हा पर्याय घ्यावा. घरात सर्व्हरचे अधिकार एकाच्याच हाती ठेवावेत, बाकीच्यांना केवळ पाहण्यापुरती खाती द्यावीत. संपादन करणारे हात दोन झाले, की एकाने रोमन आणि दुसऱ्याने देवनागरी लिहिण्यास सुरुवात केलीच म्हणून समजावे.

व्हीसीडीविषयी. मोझर बेअर या कंपनीने २००७ च्या सुमारास २८ रुपयांत व्हीसीडी विकायला काढली, तेव्हा घरोघरी जे ढीग लागले त्यांतील बराच माल आता डिस्कवर ओरखडे पडून निकामी होत चालला आहे; म्हणून उतरवून घेण्याचे काम सूचीच्या आधीचे. व्हीसीडीत चित्रपट एमपीइजीएव्ही नावाच्या फोल्डरमध्ये डॅट फाइलींच्या रूपात असतो. चित्र अवघे ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे आणि एका डिस्कवर जेमतेम सव्वा तासाचा मजकूर, त्यामुळे एक मराठी चित्रपट दोन किंवा तीन डिस्कांवर विभागलेला. डॅट फाइल एमपीजी करून घेतल्यावर भागांच्या नावांना इंग्रजीत ‘पार्ट’ व क्रमांक जोडला, तर जेलीफिन त्या सर्वांची एकच नोंद करते आणि एकापाठोपाठ एक दाखवते. वर सांगितलेल्या ‘आवृत्त्यां’शी मात्र या भागांची सरमिसळ जुळत नाही, त्याच चित्रपटाची डीव्हीडीही जवळ असेल, तर भाग जोडून एकसंध फाइल करणे उत्तम. चित्राचा आकार, ध्वनीचा प्रकार, कालावधी ही तांत्रिक माहिती सॉफ्टवेअर फाइलीतूनच वाचते आणि ती विश्वसनीय असते. भाषा मात्र जुन्या फाइलीत लिहिलेलीच नसते, तेव्हा ती वाचणार कोठून? एमकेव्ही स्वरूपात रूपांतर करताना एमकेव्हीटूलनिक्स या सॉफ्टवेअरने ध्वनिमार्गाची भाषा मराठी अशी नोंदवावी, किंवा सरळ नोंदीला ‘मराठी’ असा टॅग द्यावा. टॅगवरून गाळणी लावता येते, त्यामुळे ‘नाटक’, ‘प्रभात’, ‘कृष्णधवल’, ‘प्रत खराब’ असे आपले टॅग करून घेणे मला सर्वांत उपयोगी वाटले; शेवटचा विशेष करून, कारण कोणती प्रत पुन्हा मिळवायची हे त्यावरून एका क्षणात कळते.

जेलीफिनला न जमणारी बाब म्हणजे ज्याची फाइल नाही त्याची नोंद. उतरवता न आलेल्या डिस्का, कोणाकडे तरी पाहायला गेलेल्या डिस्का, माळ्यावरचे तिसरे खोके, यांचा हिशेब त्यात ठेवण्यात अर्थ नाही. त्यासाठी लिनक्सवर चालणारे टेलिको हे मोफत सॉफ्टवेअर चांगले: त्यात आपल्याला हवे ते रकाने करता येतात, वस्तू कोणाला उसनी दिली आणि केव्हा परत यायची याची नोंद राहते, आणि त्याचीही फाइल उघडून वाचता येईल अशा रूपात असते. बारकोड दाखवून डिस्क ओळखणारी सशुल्क परदेशी सॉफ्टवेअरेही आहेत. परंतु ८९० पासून सुरू होणारे भारतीय बारकोड, त्यातही मराठी व्हीसीडींचे, त्यांच्या माहितीसाठ्यात सापडतील या आशेवर वर्षाची वर्गणी भरू नये. आधी मोफत चाचणीच्या काळात आपल्या कपाटातील सर्वांत अनवट डिस्का त्यांना दाखवाव्यात आणि मगच पैशांचा विचार करावा. विंडोजवर असणाऱ्यांना डिस्कांची यादी साध्या स्प्रेडशीटमध्ये ठेवली तरी पुरते. त्यात एक रकाना जेलीफिनमधील फोल्डरच्या नावाचा असावा, म्हणजे कोणती डिस्क उतरवून झाली आहे आणि कोणती राहिली आहे हे दोन्हीकडून जुळवता येते.

मराठी भाषेतील पडदामजकूर उपलब्ध आहे, मात्र तो पूर्ण नाही; मधेच इंग्रजी ओळी येतात. बसवण्याच्या सूचना इंग्रजीतच आहेत आणि संगणकाची फारशी सवय नसलेल्याने त्या एकट्याने पार पाडाव्यात अशा नाहीत, घरातील एखाद्या जाणत्याला एक रविवार बसवावे. त्यानंतरच्या वापरात फारसे अडत नाही. संग्रह केवळ हिंदी आणि इंग्रजी असेल, तर वर्ष घातलेली फोल्डरनावे आणि एनएफओची खूण एवढ्यावर भागेल. मराठी संग्रहासाठी प्रत्येक नोंद एकदा डोळ्यांखालून घालावी लागेल, आणि नाटके असतील तर ती हातानेच भरावी लागतील.